मुक्कामाची तजवीज

माझा भाचा गेली बरीच वर्षे अमेरिकेतील मिशिगन राज्यात राहतो, आणि त्या राज्यात लहानमोठी मिळून अकरा हजारांवर तळी असल्यामुळे उन्हाळा आला की तेथील सामान्य मनुष्यदेखील तळ्याकाठच्या एखाद्या लाकडी खोलीची, नाही तर चाकांवर चालणाऱ्या घराच्या मुक्कामाची चौकशी करू लागतो. सरकारी उद्यानातील जागा तेथे सहा महिने आधी राखून ठेवता येते. जागेस क्रमांक असतो, विजेची जोडणी असते, नळ असतो, इतकेच नव्हे तर गाडीच्या पोटात साठलेले मैलापाणी रिते करण्यासाठी स्वतंत्र ठिकाणही नेमून दिलेले असते. एवढी तजवीज दुसऱ्यांनी अगोदरच करून ठेवलेली असल्यावर प्रवाशाकडे पैसे भरणे आणि वेळेवर हजर होणे एवढेच काम उरते. हा भाचा गेल्या हिवाळ्यात सहकुटुंब धुळ्यास यावयाचा होता, आणि निघण्यापूर्वी दोन-अडीच महिने त्याने दूरध्वनीवरून मला विचारले, "मामा, आपल्या खानदेशात पाण्याच्या काठी असा मुक्काम करता येईल का हो? हॉटेलात नको. मुलीला रात्रीचे आकाश आणि सकाळचे पक्षी दाखवायचे आहेत."

मी "का नाही करता येणार?" असे म्हणून मोकळा झालो, आणि मागाहून कागद-पेन्सिल घेऊन बसलो. महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून हयात घालविलेल्या माणसाला असे काम अंगी आल्यासारखे वाटते, याचे कारण असे की, मुक्काम ही गोष्ट आमच्या खात्याच्या रक्तातच आहे. माझ्या उमेदवारीच्या काळात जे वृद्ध शिरस्तेदार कचेरीत होते, त्यांनी आपल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या हकिकती आम्हाला दुपारच्या चहाबरोबर ऐकविल्या होत्या : इंग्रजी अमलात कलेक्टर थंडीच्या दिवसांत जिल्ह्याच्या दौऱ्यावर निघत तेव्हा राहुट्यांचे दोन संच असत, साहेब एका मुक्कामावर जमाबंदीची कागदपत्रे पाहत असता दुसरा संच पुढच्या मुक्कामी आंबराईत उभा होत असे, दफ्तराच्या पेट्या बैलगाड्यांवर, घोड्यांची वैरण पाटलाकडून, लाकूडफाटा आणि पाणी गावच्या बलुत्यांकडून, असा तो सारा बंदोबस्त असे. ज्या कॅप्टन ब्रिग्जने १८१८ नंतर खानदेशाचा कारभार हाती घेऊन धुळ्याची पेठ आखली, आणि ज्याच्या आखणीमुळे आमच्या या शहरातील जुन्या गल्ल्या अद्याप नावाने नव्हे तर क्रमांकाने ओळखल्या जातात, त्याच्या काळापासून चालत आलेला हा शिरस्ता ऐकताना आम्हा तरुण कारकुनांना मोठी मौज वाटे. परंतु आता स्वतःच्या घरच्या मंडळींसाठी मुक्कामाचा मसुदा लिहू लागल्यावर माझ्या ध्यानात आले की, त्या राहुट्यांचा सगळा थाट हुकुमावर उभा होता. वैरण आण म्हटले की आणणारा होता, पाणी भर म्हटले की भरणारा होता. हुकूम वजा केला म्हणजे तळ्याकाठी काय शिल्लक राहते, याचा हिशेब मात्र त्या हकिकतींत कोठेच नव्हता.

पहिला प्रश्न जागेचा. धुळ्याजवळच म्हणावे तर नकाणे तलाव आहे, संध्याकाळी फिरावयास जाण्याजोगा. परंतु ज्या पाण्यावर शहराची तहान भागते त्याच्या काठी चूल मांडून भांडी विसळावीत हे माझ्या मनाला पटेना. लळिंगच्या किल्ल्याखालचे कुरण सुंदर आहे, आणि त्यातील लांडोर बंगल्यात ३१ जुलै १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा मुक्काम झालेला असल्यामुळे त्या तारखेला तेथे दरवर्षी लोकांची दाटी होते. पण आम्हास हवे होते ते पाणी, आणि कुरणात ते डोळ्यांपुरतेच. सातपुड्याच्या कुशीत, रावेर तालुक्यात, पाल हे थंड हवेचे ठिकाण आहे. तेथे वनखात्याचे विश्रामगृह आहे आणि जवळच सुकी नदीवरचे धरण आहे. देखाव्याच्या दृष्टीने खानदेशात याला तोड नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तथापि ते क्षेत्र १९६९ साली स्थापन झालेल्या यावल अभयारण्याचे. अभयारण्यात परवानगीवाचून शिरता येत नाही, उघड्यावर रात्र काढता येत नाही आणि विस्तव पेटविता येत नाही, आणि हे तिन्ही निर्बंध मला रास्तच वाटतात. शिरपूरकडचे अनेर धरणही असेच अभयारण्यात मोडते. राहता राहिले हतनूर.

हतनूरचे नाव मी सर्वांत शेवटी लिहिले, याला कारण असे की आम्ही खानदेशी लोक हतनूरकडे सहलीचे स्थळ म्हणून पाहतच नाही. तापीवरचे भुसावळ तालुक्यातील हे धरण १९८२ साली पुरे झाले. एक्केचाळीस दरवाजांची ती लांबलचक भिंत पावसाळ्यात वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येते, आणि 'हतनूरचे सर्व दरवाजे उघडले' हे वाक्य वाचल्यावर नदीकाठची गावे सावध होतात. सातपुड्याच्या माथ्यावर मुलताईजवळ उगम पावलेली तापी आणि वऱ्हाडातून आलेली पूर्णा या दोन नद्यांचे पाणी तेथे एकत्र होऊन येते. येताना दोघीही अपरंपार गाळ घेऊन येतात. आणि त्या गाळाने धरणाचे पोट दिवसेंदिवस भरत चालले आहे, अशी तक्रार मी नोकरीत असल्यापासून ऐकत आलो आहे. पाटाचे पाणी, दीपनगरचे वीजकेंद्र, वरणगावचा दारूगोळा कारखाना, भुसावळची रेल्वे, इतक्या सगळ्यांना पुरणाऱ्या या जलाशयाची ओळख आमच्या लेखी उपयोगाची, शोभेची नव्हे. आणि तरीही, गाळामुळे पाणी उथळ आणि पाणी उथळ म्हणून पाणवनस्पती विपुल, असे झाल्याने हिवाळ्यात हिमालयापलीकडून येणारे पाणपक्षी या जलाशयाच्या फुगवट्यावर हजारोंनी उतरतात. भुसावळ-वरणगावकडील पक्षिमित्र मंडळी दरसाल दुर्बिणी घेऊन त्यांची गणती करीत बसतात. अभियंत्याला जो दोष वाटतो तोच चक्रवाकाला गुण वाटावा, यात नवल नाही.

जागा ठरली, आता वाहन आणि निवारा. भाच्याचा आग्रह चाकांवरच्या घराचा होता. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा गाड्यांच्या पर्यटनाचे धोरण जाहीर केले, हे त्याने अमेरिकेत बसून वाचले होते. आणि पुण्याकडून भाड्याने मिळणाऱ्या एका गाडीची छायाचित्रेही त्याने मला धाडली. आत दोन पलंग, ओटा, शीतपेटी, न्हाणीघर. पाहून आमच्या सौभाग्यवतीदेखील क्षणभर हरखल्या. मग मी धुळ्याहून पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ असा महामार्ग मनातल्या मनात चालून गेलो आणि तेथून पुढे फुगवट्याच्या गावांकडे वळलो. महामार्ग संपला की डांबरी रस्ता, डांबरी संपला की खडीचा, आणि खडीचा संपला की केळीच्या बागांमधून जाणारी पांदण. पांदणीवर दोन्ही बाजूंनी पंपांच्या विजेच्या तारा लोंबत असतात, त्या बैलगाडीच्या बेताच्या. दहा फूट उंचीचे घर त्यांच्याखालून नेणे हे धाडसाचे नव्हे तर अविचाराचे काम. खाली काळी कसदार माती, जी एखाद्या अवकाळी सरीने अशी चिकट होते की ट्रॅक्टरवाचून सुटका नाही. आणि हे सारे पार पडले तरी त्या न्हाणीघराचे मैलापाणी ओतावयाचे कोठे? वाटेत कोठेही ते ठिकाण नाही; मग ते नाल्यातच ओतावयाचे, आणि तो नाला तापीलाच मिळावयाचा. "मामा, तुम्ही फार अडचणी काढता," असे भाचा म्हणाला. त्यावर सौभाग्यवतींनी, ज्यांचे माहेर साक्रीकडचे असल्याने मनातले बोलणे अहिराणीतूनच बाहेर पडते, मजजवळचा दूरध्वनी घेऊन त्यास विचारले, "मंग आते काय करानं, तूच सांग ना भाऊ." गाडीचा विषय तेथेच मिटला.

साक्रीचा उल्लेख आला म्हणून सांगतो, चालते घर म्हणजे काय हे पाहावयास आम्हाला परदेशी छायाचित्रांची गरज नाही. त्या तालुक्यातील ठेलारी धनगर दिवाळीनंतर मेंढरांचे कळप घेऊन निघतात ते पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. घोड्यावर उलटी बांधलेली खाट, तिच्यात पातेली, पाण्याची भांडी, नुकतीच व्यालेल्या मेंढीचे कोकरू आणि दोन वर्षांचे मूल, असा एकेक संसार पारोळ्याच्या रस्त्यावरून जाताना मी कितीदा पाहिला आहे. त्यांचा वाडा ज्याच्या शेतात बसतो तो शेतकरी खताच्या मोबदल्यात त्यांना धान्य देतो. जागेचे भाडे घेणाराच उलट देणारा होतो, अशी ही व्यवस्था. हौसेच्या मुक्कामाला ती लागू पडत नाही, हे उघड आहे. पण तिने मला एक दिशा दाखविली, ती अशी की, मुक्काम करणाऱ्याने आधी जमीन कोणाची हे पाहावे आणि मग त्या माणसाशी बोलावे.

त्याआधी सरकारी मार्ग चोखाळणे कर्तव्यच होते. जलाशयांच्या काठी निरीक्षण बंगले असतात. पाटबंधाऱ्याची पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी ते बांधलेले असतात, आणि त्या परंपरेलाही आमच्या जिल्ह्यात चांगलीच कुळी आहे. विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाल्यावर थोड्याच दिवसांत खानदेशात, धुळ्याच्या ठाण्यावर आले, आणि पांझरेच्या पाण्यासाठी नळांचा सायफन बांधण्याचे काम त्यांच्या हातून झाले, ही गोष्ट धुळ्याच्या लोकांना अभिमानाची वाटते. असो. मी एका जलाशयाकाठच्या बंगल्यासाठी रीतसर दरखास्त लिहिली. कोठल्या, हे येथे सांगण्याचे कारण नाही. भाषा मुद्देसूद, सोबत ओळखपत्राची नक्कल, खाली निवृत्तीपूर्वीचा हुद्दा. मंजुरी तोंडी मिळाली, आणि पुढे एका सायंकाळी तोंडीच निरोप आला की त्या तारखेस वरिष्ठांचा दौरा ठरल्याने बंगला खाजगी व्यक्तींस देता येत नाही. नियमाप्रमाणे दौऱ्यावरील अधिकाऱ्याचा हक्क पहिला, आणि तो तसा असणेच योग्य आहे. असली पत्रे मी स्वतः आयुष्यभर लिहिली आहेत. फक्त ती वाचणाऱ्याच्या घरी त्या वेळी काय बोलणे होत असेल, ते मला प्रथमच ऐकावयास मिळाले.

शेवटी उपयोगी पडली ती जमिनीचीच माहिती. धरणासाठी जी जमीन सरकार संपादन करते ती सगळीच बारमाही पाण्याखाली राहत नाही. पावसाळ्याच्या अखेरीस जलाशय भरतो, आणि मग पाट सुटतात, कारखाने पाणी ओढतात, ऊन वाढते, तसतशी कड मागे मागे सरकत जाते; उघड्या पडलेल्या त्या ओल्या गाळावर हंगामापुरते पीक घेण्यासाठी ती जमीन भाडेपट्ट्याने दिली जाते, आणि ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना त्यात अग्रहक्क असतो. तिला गाळपेर म्हणतात. नांगर नाही, खत नाही, बहुधा पाणीही नाही. गाळ हाच तिचा सातबारा. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचे सोयरे मुक्ताईनगर तालुक्यात अशीच गाळपेर कसतात, हे मला आठवले. मी त्यांस दूरध्वनी करून, तुमच्या शेताच्या कडेला तंबू लावू का, म्हणून विचारले. पलीकडून जे उत्तर आले त्यात आश्चर्यापेक्षा काळजी अधिक होती : "तंबू कायले लावता भाऊ? खोली हाये ना आपली. थंडी लई हाये इकडं." ती खोली म्हणजे वरच्या बाजूस, पाणी कधीच येत नाही अशा धोंडेमातीच्या टेकाडावर बांधलेली पत्र्याची एक जागा, खतांच्या गोण्या, फवारणीचा पंप आणि दोन खाटा एवढेच तिच्यात. परंतु शेजारी निंबाचे झाड होते, पुढे अंगण होते, आणि अंगणातून जलाशय दिसत होता. मिशिगनमध्ये ज्या लाकडी खोलीसाठी सहा महिने आधी नंबर लावतात ती याहून वेगळी काय असणार, असे मी भाच्यास कळविले.

तजविजीचा खरा भाग यानंतर सुरू झाला, आणि तो माझ्या हातात राहिला नाही. सौभाग्यवतींनी दिनदर्शिकेच्या एका उलट्या पानावर यादी करावयास घेतली, आणि तिचा पहिला प्रश्न मी कोणत्याही मसुद्यात लिहिलेला नव्हता : बायकांनी जावयाचे कोठे? यजमानांच्या वस्तीत शौचालय होते, पण ते गावात, शेतापासून बरेच लांब. तेव्हा ठरले ते असे की यजमानांनी निंबामागे बांबू रोवून, गोणपाट बांधून एक आडोसा करावा, आत खोल चर खणावा, शेजारी राख आणि मातीचा ढीग ठेवावा, आणि निघताना आम्ही तो चर आमच्या हातांनी बुजवावा. हे निश्चित होईपर्यंत सौभाग्यवतींनी दुसरी ओळ लिहिली नाही. पुढे तिथी. चांदणे हवे, पण पक्ष्यांसाठी पहाटही हवी, म्हणून पौषातल्या पौर्णिमेच्या अलीकडचे दिवस धरले. मकरसंक्रांतीचे तीळगूळ सोबत आपोआप आले. पिण्याचे पाणी घरून न्यावयाचे, कारण फुगवट्याचे पाणी कितीही स्वच्छ दिसले तरी त्यात चाळीस गावांचे धुणे असते. गोधड्या जास्तच घ्यावयाच्या. मेच्या उन्हासाठी नावाजलेला हा मुलूख पौषात किती गारठतो, पारा दहाच्या खाली उतरून हातांना कसे बधिर करून सोडतो, हे बाहेरच्या माणसाला सांगून खरे वाटत नाही. शेतात घोणस असते म्हणून रात्री पायांत बूट आणि हातात विजेरी असल्यावाचून कोणी अंगणाबाहेर जावयाचे नाही. आणि मुलीने एकटीने पाण्याच्या कडेला मुळीच जावयाचे नाही, कारण वरून भेगाळलेला, वाळलेला दिसणारा गाळ खाली गुडघाभर मऊ असतो. या शेवटच्या कलमाखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या.

प्रवासाविषयी सांगण्यासारखे थोडे. महामार्गावर मालमोटारींची रांग, एरंडोलनंतर चहा, भुसावळच्या अलीकडे केळीने भरलेल्या गाड्या. दुपार कलताना आम्ही पोहोचलो. यजमान आणि त्यांची पत्नी वाटच पाहत होती. आमच्यासाठी भरिताचा बेत होता, आणि भरीत हा खानदेशात पदार्थ नसून समारंभ असतो, हे भाच्याच्या मुलीने त्या संध्याकाळी पाहिले. हिरवट-पांढरी, नारळाएवढी वांगी; त्यांना जागोजाग टोचून तुराट्या आणि पऱ्हाट्यांच्या जाळावर टाकावयाची; साल काळी ठिक्कर होऊन आतून रस सुटू लागला की हातांनीच, फुंकर घालीत, ती सोलावयाची. मुलीने एक सोलून पाहिले आणि बोटे तोंडात घातली. मग लाकडी भांड्यात हिरव्या मिरच्या, लसूण आणि मीठ मुसळीने ठेचून, त्यात तो गर घालून पुन्हा ठेचावयाचा. वर तेलात परतलेली कांद्याची पात, शेंगदाणे, कोथिंबीर. सोबत कळण्याची भाकरी. पाहुण्यांना तिखट सोसणार नाही म्हणून यजमानीणबाईंनी मिरच्या अर्ध्या केल्या होत्या, असे त्या म्हणाल्या. माझा त्यावर अद्याप विश्वास बसत नाही.

जेवणाआधी, उजेड होता तोवर, यजमान आम्हाला कडेपर्यंत घेऊन गेले. जलाशयाचा काठ म्हणजे एक ठाम रेषा असते अशी माझी, नकाशे पाहून पाहून, समजूत झालेली होती. येथे ती रेषा नव्हतीच. वर हरभरा घाटे धरू लागलेला, त्याच्या खाली नुकतीच उगवण झालेली दुसरी पेर, तिच्या खाली नुसता चमकणारा गाळ, आणि मग बोटभर, वीतभर, असे वाढत जाणारे पाणी. जमीन कोठे संपली हे पायालाच कळावयाचे. यजमानांनी हातातली एक तुराटी नेमकी पाण्याच्या ओठावर रोवली आणि मुलीस म्हणाले, "सकाळी येऊन पाह्य." पहाटे आम्ही गेलो तेव्हा ती काडी कोरड्या गाळात उभी होती आणि पाणी तिच्यापासून वीतभर सरकलेले होते. मुलीने वितीने मोजले, मग आपल्या वहीत काडीचे चित्र काढले. मिशिगनमधील त्यांच्या तळ्याकाठी लाकडी धक्का आहे आणि पाणी धक्क्याला सोडून कधी जात नाही, असे तिने यजमानांना आपल्या तोडक्या मराठीत समजावून सांगितले. त्यांनी ते गंभीरपणे ऐकून घेतले.

पक्षी दिसले, आणि पुष्कळ दिसले. धुके विरळ होण्यापूर्वी प्रथम त्यांचा आवाजच आला. चक्रवाकांचा तो नाकातला, दूरवर पोहोचणारा हाकारा मी नोकरीच्या दिवसांत नदीकाठी ऐकला होता, पण तो आवाज कोणाचा हे त्या वेळी विचारावेसे वाटले नव्हते. उजाडल्यावर नारिंगी-तपकिरी अंगाच्या त्या जोड्या गाळावर उभ्या दिसल्या. पलीकडे चोचीने पाणी गाळीत फिरणारे थापटे, लांब शेपटीचे तलवार बदक, काळ्या अंगावर पांढरा टिळा लावल्यासारखे चांदवे, आणि मध्येच एका पायावर उभा असलेला चमचा. भाच्याने दुर्बिणीतून सारे पाहिले, आणि मग तो दुर्बीण खाली ठेवून नुसता बसून राहिला. त्याचे कौतुक मला इतकेच वाटले की त्याने मोबाईलवर काही वाजविले नाही.

ऊन चढल्यावर यजमानांनी हात लांब करून पाण्यात एक जागा दाखविली, जेथे आमच्या डोळ्यांना काहीच दिसत नव्हते. तेथे त्यांच्या वडिलांचे बागायती शेत होते, आणि त्याच्याही पलीकडे जुने गाव. मोबदला मिळाला, पुनर्वसनाच्या गावठाणात घर झाले, मुले शिकली. त्यांच्या बोलण्यात तक्रार अशी नव्हतीच. मार्च-एप्रिलात पाणी फार खाली गेले तर जुन्या बांधाचे दगड उघडे पडतात आणि त्यावरून आपला वाटा कोणता, चुलत्यांचा कोणता, हे अजून ओळखता येते, एवढे ते म्हणाले. गाळपेरीचा पट्टा मात्र दरवर्षी नवा करून घ्यावा लागतो. त्यासाठी अर्ज, चलन, हेलपाटे. ज्या जमिनीचा उतारा एके काळी यांच्याच नावावर होता तिच्यासाठी हे, आणि मी त्याच कचेरीच्या दुसऱ्या बाजूस बसलेला माणूस, त्यांच्याच खाटेवर बसून त्यांचा चहा पीत होतो. मी त्यांना पुढच्या हंगामाचा अर्ज तेथल्या तेथे लिहून दिला. माझे अक्षर अजून चांगले आहे.

परतताना चांगदेवला थांबलो. तापी-पूर्णेच्या संगमाजवळचे ते पुरातन दगडी मंदिर पाहून झाल्यावर सौभाग्यवतींनी मेहूणला जाण्याचा हट्ट धरला. शके १२१९ मध्ये मुक्ताबाई तेथे तापीतीरी विजेच्या कडकडाटात गुप्त झाल्या अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे, आणि इतक्या जवळ येऊन मुक्ताईचे दर्शन न घेता घरी जाणे त्यांच्या यादीत बसत नव्हते.

आता अर्जाचीच सवय असल्यामुळे एक अर्ज येथेही करून ठेवतो. पाटबंधारे खात्याने आणि काठच्या ग्रामपंचायतींनी मिळून हतनूरच्या फुगवट्यावर, पूररेषेच्या वर, एखादी साधी जागा नेमून द्यावी : दोन स्वच्छतागृहे, एक नळ, सावलीची चार झाडे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद ठेवणारे एक रजिस्टर. त्याची देखभाल ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्याच मुलांकडे द्यावी आणि शुल्कही त्यांनाच घेऊ द्यावे. नव्या बंगल्यांची, नौकाविहाराची किंवा रंगीत दिव्यांची काही आवश्यकता नाही. पक्षी त्यांना भिऊन जातील. आणि वाचकांपैकी कोणाच्या मनात जावयाचे असेल, त्यांनी मार्गशीर्षापासून माघापर्यंत केव्हाही जावे, धरणाच्या खालच्या अंगास नदीपात्रात मुक्काम करू नये, यजमानाला त्याचे पैसे न मागता द्यावेत, केलेला कचरा आपल्याबरोबर परत न्यावा, आणि निघण्यापूर्वी पाणी सध्या कोठवर आहे हे तेथल्या माणसाला विचारून घ्यावे.